चारशे सोळा, एकशे एक

जयसिंगपुरात पत्ता सांगायचा तर आकड्यावाचून चालत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं हे गाव वसवलं, ते आखून वसवलं. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदणारे, गल्ल्या ओळीनं मांडलेल्या आणि त्यांची ओळख क्रमांकानं. त्यामुळे इथला माणूस सहज ‘सातवी गल्ली’ किंवा ‘बारावी गल्ली’ म्हणतो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. पत्त्याच्या शेवटी आणखी एक आकडा येतो, सहा अंकी : ४१६१०१. चार लाख सोळा हजार एकशे एक असं तो कुणी वाचत नाही. कुरिअरवाल्याला फोनवर सांगताना त्याचे दोन तुकडे होतात, चारशे सोळा आणि एकशे एक.

हे दोन तुकडे टपाल खात्यानंच पाडून ठेवले आहेत. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याची रचना केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. हे गृहस्थ टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी व नाटककार. देशात एकाच नावाची गावं ढिगानं आणि पत्ते लिहिणारे हात अनेक लिप्यांचे. जयसिंगपूरचंच पाहा. हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यात एक जयसिंहपूर आहे, उत्तर प्रदेशात सुलतानपूरजवळ दुसरं. आपल्या शिरोळ तालुक्याचं पत्र शिराळ्याला जायलाही एखादं अक्षर पुसट होणं पुरे. वेलणकरांच्या योजनेत देशाचे आठ भौगोलिक विभाग झाले आणि नववा लष्करी टपालासाठी राहिला. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आताचं छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा ठरतो. ४१६ चा पसारा कोल्हापूर-सांगलीपासून खाली सावंतवाडीपर्यंत आहे. शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. हिमाचलचं जयसिंहपूर १ ने सुरू होतं, उत्तर प्रदेशातलं २ ने, आपलं ४ ने, म्हणजे पहिल्याच अंकाला गोंधळ संपतो.

टपालाच्या दृष्टीनं ४१६१०१ चा अर्थ इथं पुरा झाला. पण संख्येच्या अंगी पत्त्याखेरीज बरंच काही असतं आणि ते टपाल खात्यानं दिलेलं नसतं. या प्रकरणात हाच एक आकडा घेऊन बसायचं आहे. हा मुद्दाम निवडला, कारण तो काही खास म्हणून प्रसिद्ध नाही. रामानुजनांच्या १७२९ ची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ४१६१०१ ची कुणी सांगितलेली नाही.

कुठलीही मोठी संख्या हाती आली की पहिला प्रश्न तिला कशानं भाग जातो हा. २ नं जात नाही, शेवटी १ आहे. ५ नं जात नाही. अंकांची बेरीज १३, म्हणून ३ नंही नाही. पुढचा ७, आणि ७ ची कसोटी शाळेत बहुतेक वेळा गाळतात. ती गाळू नये, कारण सहा अंकी संख्येसाठी, त्यातून पिनकोडासाठी, ती फार सोयीची आहे. ७ × ११ × १३ = १००१ हे एकदा लक्षात ठेवायचं. आपली संख्या म्हणजे ४१६ हजार आणि वर १०१. हजाराच्या जागी १००१ धरले तर ४१६ × १००१ मधून काहीतरी वजा करावं लागेल, आणि ते काहीतरी म्हणजे ४१६ − १०१, अर्थात ३१५. ४१६ × १००१ ला ७, ११ आणि १३ या तिघांनी भाग जातोच. मग उरलेला न्याय ३१५ नं करायचा. ३१५ मध्ये ७ पंचेचाळीस वेळा बसतो. ११ नं भागलं तर ७ उरतात, १३ नं भागलं तर ३ उरतात. म्हणून ४१६१०१ ला ७ नं निःशेष भाग जातो, ११ आणि १३ नं जात नाही. ज्या ठिकाणी टपाल खात्यानं आकडा तोडला, नेमक्या त्याच ठिकाणी ही कसोटीही तो तोडते.

आता ४१६ × १००१ म्हणजे किती? ४१६४१६. हा सांगलीचा पिनकोड! उदगाव मागे टाकून अंकलीच्या पुलावरून कृष्णा ओलांडली की येणारी सांगली. तिचे मूळ अवयव काढले तर २ पाच वेळा, १३ दोन वेळा, शिवाय ७ आणि ११ असा भरगच्च संसार निघतो, आणि त्यातून ३१५ वजा केले की जयसिंगपूर.

जयसिंगपूरचा संसार मात्र अगदी आटोपशीर आहे. ४१६१०१ ला ७ नं भागल्यावर ५९४४३ येतात. या ५९४४३ ला आणखी कशानं भाग जातो का? त्याचं वर्गमूळ २४३ आणि २४४ च्या मध्ये पडतं, म्हणून २ पासून २४१ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. अशा मूळ संख्या ५३ आहेत. एका दुपारी वही-पेन्सिल घेऊन बसलं तर हे काम होतं. १७, १९ आणि २३ या तिघांनी भागलं की तिन्ही वेळा बाकी ११ च उरते, ही वाटेतली एक गंमत. १९३ नं भागताना तर वाटतं की जमलं, पण ३०८ वेळा १९३ म्हणजे ५९४४४, एकानं चुकतं. शेवटी ५९४४३ ही मूळ संख्या ठरते. म्हणजे ४१६१०१ = ७ × ५९४४३, आणि विभाजक फक्त चार : १, ७, ५९४४३ आणि ती स्वतः.

दोनच मूळ संख्यांचा गुणाकार असलेल्या संख्यांना आज फार भाव आहे. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी गुप्तलेखनाची जी पद्धत काढली, ती अशाच संख्यांवर उभी आहे. शेकडो अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार करणं संगणकाला चुटकीसरशी जमतं, पण नुसता गुणाकार हातात देऊन मूळ दोघी शोधा म्हटलं की त्याचा दम निघतो. आपल्या संख्येला ती प्रतिष्ठा मिळायची नाही, कारण तिच्या दोघींपैकी एक फक्त ७ आहे आणि चौथ्या प्रयत्नात सापडते. गंमत म्हणजे फर्मानं अवयव शोधायची जी दुसरी युक्ती दिली होती, संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडायची, तिनं मात्र हीच संख्या रडवते. ६४६ च्या वर्गापासून एकेक वर्ग तपासत वर जायचं आणि २९७२५ पर्यंत पोचायचं, तेव्हा कुठे २९७२५² − २९७१८² ही जोडी हाती लागते. एकोणतीस हजारांवर पायऱ्या! अवयव एकमेकांच्या जवळ असले तर फर्मा, फार दूर असले तर आपली शाळेतली रीत.

शेजारचा आकडा मात्र अगदी उलट स्वभावाचा. ४१६१०० चे विभाजक किती? बहात्तर. २, ३, ५, १९, ७३ अशी मंडळी त्यात आहेत, आणि ५ × ७३ म्हणजे ३६५, म्हणून ४१६१०० = ३६५ × ११४०. एका पावलावर बहात्तर विभाजक आणि पुढच्या पावलावर चार. अंकगणितात शेजार कामाला येत नाही. लागोपाठच्या दोन संख्यांना १ खेरीज एकही विभाजक सामाईक नसतो.

इथवरचं सगळं त्या संख्येचं स्वतःचं. ती देवनागरीत लिहा, रोमन आकड्यांत लिहा, चिंचोके मोजून ठेवा, ७ चे ढीग बरोबर पडतीलच. याच जातीचे आणखी दोन प्रश्न विचारण्यासारखे आहेत.

पहिला : ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? विषम संख्येला ४ नं भागून १ उरला तर आशा असते. १३ = ९ + ४, २९ = २५ + ४. आपल्या संख्येलाही ४ नं भागून १ च उरतो, म्हणजे वरवर पाहता उमेदवार चांगला. पण फर्मानं ओळखलेला आणि ऑयलरनं सिद्ध केलेला नियम आत डोकावून पाहतो. ज्या मूळ अवयवाला ४ नं भागून ३ उरतात, तो अवयव विषम वेळा आला की काम फसलं. ७ ला ४ नं भागून ३ उरतात, ५९४४३ लाही ३ च. दोघेही नापास, आणि दोन नापासांचा गुणाकार मात्र १ बाकी दाखवून पास झाल्याचा आव आणतो. तेव्हा दोन वर्ग शोधत बसायचं कारण नाही. तीन वर्गांना मात्र अडचण नाही. लजांद्रच्या प्रमेयाप्रमाणे अडतात त्या ८ नं भागल्यावर ७ उरणाऱ्या संख्या आणि त्यांच्या ४ पट, १६ पट वगैरे. आपल्याकडे ८ नं भागून ५ उरतात. थोडी खटपट केली की ६४१² + ७२² + ६² मिळतं, आणि त्याच ६४१ ला धरून ६४१² + ५४² + ४८² असंही होतं.

दुसरा प्रश्न घनांचा. १७२९ ची ख्याती ती १२³ + १³ आणि १०³ + ९³ अशी दोन तऱ्हांनी लिहिता येते म्हणून. ४१६१०१ ला एका तऱ्हेनं तरी? इथं उत्तर मिनिटभरात मिळतं. कुठल्याही घनाला ९ नं भागा, बाकी ०, १ किंवा ८ च उरते. अशा दोन किंवा तीन बाक्या मिळवून ४ किंवा ५ कधीच होत नाही, घन ऋण घेतले तरी नाही. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज १३, तिची पुन्हा बेरीज ४, म्हणजे ९ नं भागून ४ उरतात. दोन घन नाहीत, तीनही नाहीत, विषय संपला. ज्या संख्यांना हे कुंपण आडवं येत नाही त्यांचे हाल पाहा. ४२ ही एवढीशी संख्या तीन घनांची बेरीज म्हणून लिहायला २०१९ साल उजाडलं. अँड्र्यू बुकर आणि अँड्र्यू सदरलँड यांनी संगणकांची फौज लावून ज्या तीन संख्या शोधल्या, त्या प्रत्येकी १७ अंकी निघाल्या.

अंकांची बेरीज इथं कामाला आली, आणि तिच्यावरून देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांकडे जायलाच हवं. डहाणूला १९०५ साली जन्म, फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, तिथं असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक, आणि पुढं १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. विद्यापीठाची खुर्ची त्यांना कधी मिळाली नाही. संख्यांच्या अंकांशी खेळणं हा त्यांचा जन्माचा छंद. वेलणकरांनी गावांना आकडे दिले, कापरेकरांनी आकड्यांना गावांची नावं दिली. संख्यांच्या एका कुळाला देवळालीचं नाव, दुसऱ्या कुळाला ‘डेमलो’, हे डोंबिवली स्थानकाचं जुनं नाव, कारण ती कल्पना त्यांना तिथं सुचली. त्यांचं काम जगभर पोचलं ते मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा. कापरेकर तेव्हा सत्तरीचे होते.

त्यांची सगळ्यांत गाजलेली संख्या ६१७४. ती त्यांनी १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेले वजा करा, आणि जे येईल त्याचं पुन्हा तेच. सात वजाबाक्यांच्या आत ६१७४ येतंच, आणि आलं की तिथंच थांबतं. पिनकोडाचं साल १९७२ घेऊ. ९७२१ − १२७९ = ८४४२. पुढं क्रमानं ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. बरोबर सात, म्हणजे जास्तीत जास्त लागतात तेवढ्या पायऱ्या या सालानं घेतल्या.

तीन अंकी संख्यांत हीच जागा ४९५ ची आणि तिथं फार तर सहा वजाबाक्या लागतात. आपल्या पिनकोडाचे दोन तुकडे करून पाहू. ४१६ चं ६४१ − १४६ म्हणजे एकदम ४९५, पहिल्याच फटक्यात. १०१ मात्र ९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४ असा पूर्ण फेरा घालून सहाव्या पायरीला ४९५ वर येतं. जिल्हा सर्वांत घाईचा आणि टपाल कार्यालय सर्वांत निवांत! आणि अख्खा सहा अंकी आकडा? सहा अंकांत अशा थांबणाऱ्या संख्या दोन आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, पण बहुतेक संख्या त्यांपैकी कुठंच पोचत नाहीत. ६४१११० − ०१११४६ = ६२९९६४, मग ७४९९४३, मग ६५२६४४, मग ४२०८७६. यापुढं ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. सात संख्यांचा हा घाणा, एकदा जुंपलं की त्यातच फिरायचं. ४१६१०१ चौथ्या वजाबाकीला त्याला जुंपला जातो. अवयव ७, फेरा ७ चा, असं म्हणून कुणी डोळे मोठे करील. पण या दोन सातांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. या फेऱ्यात पडणारी प्रत्येक सहा अंकी संख्या त्या सातांतच फिरते, तिला ७ नं भाग जावो न जावो.

कापरेकरांनी आणखी एका कुळाला ‘हर्षद’ म्हटलं : जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जातो ती. सांगलीच्या ४१६४१६ ची बेरीज २२, आणि २२ × १८९२८ नेमके तेवढेच होतात. शिरोळ तालुक्यातल्याच कुरुंदवाडचा पिनकोड ४१६१०६, बेरीज १८, आणि १८ × २३११७ बरोबर तेवढे. दोन्ही हर्षद. जयसिंगपूर नाही, १३ नं भागून १० उरतात. १७२९ हर्षद आहे, १९ × ९१, पण त्यासाठी ती कुणाच्या लक्षात नाही.

कापरेकरांच्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे स्वयंभू संख्यांचा. संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवायची. ४१६१०१ मध्ये १३ मिळवले की ४१६११४. त्यात १७ मिळवले की ४१६१३१. अशी साखळी पुढं वाटेल तितकी जाते. खरी मजा मागे जाण्यात आहे. ४१६१०१ कुणापासून जन्मली? सहा अंकांची बेरीज फार तर ५४, म्हणून जनक मागच्या ५४ आकड्यांतच असणार, आणि ९ च्या बाकीचा हिशेब लावला की त्यातले सहाच तपासायला उरतात. सहांपैकी एक बसतो : ४१६०८१, त्याची बेरीज २०, आणि ४१६०८१ + २० = ४१६१०१. दुसरा जनक नाही. ज्या संख्येला जनकच सापडत नाही, जशी २० किंवा ३१, ती स्वयंभू, तिलाच त्यांनी देवळाली संख्या म्हटलं. जयसिंगपूर स्वयंभू नव्हे. मागे जात राहिलं तर ४१६०८१ चा जनक ४१६०६२, त्याचा ४१६०३९, त्याचा ४१६०२३. आणि ४१६०२३ शी रस्ता फुटतो. ४१६००६ + १७ हेही ४१६०२३, आणि ४१५९८८ + ३५ हेही ४१६०२३. एकापेक्षा जास्त जनक असलेल्या संख्येला कापरेकर जंक्शन म्हणत. रेल्वेनं जयसिंगपूरहून पूर्वेला निघालं तर मिरज जंक्शन लागतं, संख्येनं मागे निघालं तर चार पायऱ्यांत हे. आणि जंक्शन संख्यांत सर्वांत लहान कोण? १०१! ९१ + १० आणि १०० + १. आहेराच्या पाकिटातले एकशे एक आणि पिनकोडाच्या शेवटचे एकशे एक, दोन्ही कापरेकरांच्या हिशेबी पहिलं जंक्शन.

या साऱ्या उद्योगाला नाकं मुरडणारे होते आणि आहेत. केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ ची उदाहरणं दिली. या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट संख्येच्या पटीत आहेत (२१७८ ची चौपट, १०८९ ची नऊपट). असल्या गोष्टी कोडी छापणाऱ्या सदरांना शोभतात, गणितज्ञाला त्यात ओढ वाटावी असं काही नसतं, असा त्यांचा रोख होता. आक्षेपात तथ्य आहे. आपल्याला बोटं दहा, म्हणून आपण दहाच्या पटीत लिहितो. बोटं बारा असती तर ६१७४ ची गोष्ट नसती, जंक्शन दुसरीकडे असतं आणि ४१६१०१ चे अंकच वेगळे असते. ७ × ५९४४३ तेव्हाही खरं असतं. पण सीमारेषा हार्डींना वाटली तितकी सरळ नाही. अंकांची बेरीज हा लिहिण्याच्या पद्धतीचा खेळ खरा, तरी तिच्यातून निघालेली ९ ची बाकी त्या संख्येची स्वतःची आहे. तिच्याच जोरावर तीन घनांचं दार आपण बंद केलं. शाळामास्तर आणि केंब्रिजचा प्राध्यापक यांच्यामध्ये भिंत असली तर तिला अशी खिडकी आहे.

उलट संख्येचं निघालंच आहे तर ४१६१०१ उलटी वाचून १०१६१४, आणि दोघींची बेरीज ५१७७१५. ही दोन्ही बाजूंनी सारखी! एकाही स्थानी हातचा आला नाही, म्हणून हे घडलं. हातचे आले की उलटून मिळवण्याचा क्रम लांबतो. ८९ ला सारखेपणा गाठायला २४ बेरजा लागतात, आणि १९६ ला कोट्यवधी अंकांपर्यंत पोचूनही तो गाठता आलेला नाही. उलटसुलट वाचण्याचा नाद आपल्याकडच्या गणितींना जुनाच. सोळाव्या शतकातले सूर्यदास दैवज्ञ गोदाकाठच्या पार्थपूरचे, म्हणजे मराठवाड्यातल्या आजच्या पाथरीचे असं मानतात. त्यांनी १५४१ मध्ये भास्कराचार्यांच्या लीलावतीवर टीका लिहिली, आणि असं एक काव्यही रचलं की सुलट वाचलं तर रामकथा, उलट वाचलं तर कृष्णकथा.

शोधत राहिलं की कुठल्याही सहा अंकी आकड्यात काहीतरी सापडतंच, हे आता वाचकाच्या ध्यानात आलं असेल. दहा कसोट्या लावल्या की एखादी उतरते, आणि ज्या उतरल्या नाहीत त्या आपण सांगत नाही. उदाहरणार्थ ज्यांच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवून पुन्हा तीच संख्या येते (४५² = २०२५, २० + २५ = ४५), त्या कापरेकर संख्या. ४१६१०१ तशी नाही, आणि असूही शकत नाही, कारण त्यांना ९ नं भागून ० किंवा १ च उरावा लागतो.

तरी एक गोष्ट सापडली तेव्हा मी दोनदा पडताळून पाहिली. संगणक जसं लिहितो तसं, फक्त ० आणि १ वापरून, ४१६१०१ लिहिलं तर एकोणीस अंक होतात : ११००१०११००१०११००१०१. डावीकडून सहा-सहा अंक तोडा. ११००१०, ११००१०, ११००१० आणि शेवटी एकटा १. तोच तुकडा लागोपाठ तीनदा! कारण पाहायला गेलं तर तेही देखणं आहे. ११००१० म्हणजे आपले ५०. सहा अंकांचा तुकडा तीनदा मांडायचा तर त्याला ४०९६ + ६४ + १ नं, म्हणजे ४१६१ नं, गुणायचं. ५० × ४१६१ = २०८०५०. शेवटी १ लावायचा म्हणजे दुप्पट करून १ मिळवायचा : ४१६१०० + १. आणि ४१६१ हेच चार अंक आपल्या पिनकोडाच्या सुरुवातीला जसेच्या तसे बसलेले आहेत. पन्नासची दुप्पट शंभर, आणि शंभरनं गुणणं आपल्या पद्धतीत नुसती दोन शून्यं लावण्याइतकं सोपं, त्यामुळे दहाच्या आणि दोनच्या दोन परक्या लेखनपद्धती या एका जागी जुळल्या. तुकडा तीनदा आणि शेवटी १, या घडणीच्या एकोणीस अंकी संख्या एकूण ३२ आहेत आणि लागोपाठच्या दोघींत ८३२२ चं अंतर आहे. आपल्या आधीची ४०७७७९, नंतरची ४२४४२३. म्हणजे ४१६००० पासून ४१६९९९ पर्यंतच्या हजार आकड्यांत, कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी, सावंतवाडी सगळी धरून, अशी संख्या एकच आणि ती जयसिंगपूरच्या वाट्याला आली आहे.